मातीचे धरण आणि धरणीचा कंप

धरमपुरीचे नाव माळव्यातील मराठी घरांत निघते ते बहुधा नर्मदेच्या निमित्ताने. परिक्रमा करून आलेल्या एखाद्या आजीच्या तोंडून, पर्वणीच्या स्नानाच्या आठवणींत, नाहीतर पात्रातल्या बेटावरील बिल्वामृतेश्वराच्या दर्शनाचा बेत ठरताना. धार संस्थानाचा हा जुना परगणा. ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र त्याचे नाव अगदी निराळ्या कारणाने देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले.

त्या तालुक्यात कोठीदा गावाजवळ कारम नदीवर मातीचे धरण बांधले जात होते. लांबी सुमारे ५९० मीटर, उंची ५२ मीटर, खर्चाचा आकडा ३०४ कोटी रुपये. काम पुरे व्हावयाच्या आधीच पावसाळ्याचे पाणी मागे साठले, आणि ११ ऑगस्टला धरणाच्या कोरड्या अंगाला पाझर फुटलेला दिसला. पाठोपाठ त्या अंगाची माती ढासळू लागली. मागे सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी उभे. खालची अठरा गावे, बारा धार जिल्ह्यातील आणि सहा खरगोन जिल्ह्यातील, रिकामी करण्यात आली. सैन्य बोलावले गेले. अखेर मोठमोठी यंत्रे लावून बाजूने चर खणला आणि १४ ऑगस्टला त्या वाटेने पाणी सोडून देण्यात आले. स्वातंत्र्यदिन उजाडेपर्यंत धोका ओसरला होता. माणसे वाचली, ही त्यातली मोठी गोष्ट.

या प्रकरणात भूकंपाचा काडीचाही संबंध नव्हता. जमीन स्वस्थ होती, धरण नवे होते, तरी हे झाले. मग मनात साहजिकच येते की ज्या धरणांना साठ, ऐंशी, शंभर वर्षे झाली, ज्यांचे मूळ नकाशेही कोठे असतील ते सांगता येत नाही, त्यांच्या पायाखालची जमीन जर अर्धा मिनिट हलली तर काय होईल? आणि तसे होऊ नये म्हणून जुन्या मातीच्या धरणाला बळकटी द्यावयाची ती कशी?

‘आपल्याकडे कुठले हो भूकंप!’ असे म्हणणारी मंडळी माळव्यात पुष्कळ आहेत. त्यांना नर्मदेचाच दाखला द्यावा लागेल. ही नदी ज्या लांबट खोबणीतून पश्चिमेला जाते ती खोबण म्हणजे भूगर्भातील फार जुन्या भेगांचा पट्टा होय. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा धक्का बसला. २३ मार्च १९७० रोजी भडोच हादरले. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे चाळीस माणसे दगावली. २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर भरत असताना बडवानी जिल्ह्यातील काही गावांत जमिनीतून गडगडाट ऐकू येत होता आणि लहान लहान हादरे बसत होते. बडवानी धरमपुरीपासून काही फार दूर नाही. भूकंपाच्या २००२ च्या सरकारी नकाशातही नर्मदेचे हे खोरे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात घातलेले होते. शिवाय मध्यम म्हणजे किती, याचा भरवसा महाराष्ट्राने दोनदा गमावला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, त्याआधी तो प्रदेश अगदी स्थिर समजला जात असे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला तेच घडले.

धरणांची संख्या पाहावी तर मोठ्या धरणांत महाराष्ट्राचा क्रम देशात पहिला आणि मध्यप्रदेशाचा दुसरा. त्यांतील बहुतेक मातीची. मातीचे म्हटले की पुष्कळांना ते कच्चे वाटते; ही समजूत मात्र काढून टाकली पाहिजे. आपल्या धारच्या राजा भोजानेच अकराव्या शतकात भोजपूरला जो प्रचंड तलाव केला, त्याचा बांध आत मातीचा आणि दोन्ही अंगांना थोर थोर दगडांचे, चुन्यावाचून रचलेले अस्तर, असा होता. तो सुमारे चारशे वर्षे टिकला. पंधराव्या शतकात मांडूच्या होशंगशाहाने तो मुद्दाम फोडविला. फोडायला फौजेला तीन महिने लागले आणि तलाव रिता व्हायला तीन वर्षे, अशी दंतकथा आहे. बडोद्याच्या आजवा सरोवराचा मैलोगणती लांब बांधही मातीचाच, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतला, आणि त्या शहराच्या कित्येक पिढ्या त्याचे पाणी प्यालेल्या आहेत. माती दगडासारखी ठिसूळ नाही. ती थोडी वाकते, बसते, सावरून घेते. भूकंपात हा गुणच आहे.

तिचा वैरी म्हणजे पाणी. वरून लाटा मारणारे नव्हे, पोटात शिरलेले.

कोणतेही मातीचे धरण पाझरतेच. मध्ये चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, तो पाण्याला अडवतो म्हणण्यापेक्षा त्याची चाल मंद करतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरुमासारखी भारी, सुटी माती असते. ती गाभ्याला आधार देते. नव्या बांधणीत गाभ्यामागे वाळूची गाळणी ठेवतात, म्हणजे पाणी निघून जाते आणि मातीचा कण मागे अडतो. पायथ्याशी दगडांचा बांध आणि निचऱ्याची नाली असते. जुन्या धरणांत ही गाळणी बहुधा नसते, कारण तिचे महत्त्वच उशिरा कळले. मातीत ओल किती असताना ती किती ठोकली म्हणजे सर्वांत घट्ट बसते, याचे शास्त्रशुद्ध माप लॉस एंजल्सच्या प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने मांडले ते १९३३ साली. त्याआधीची धरणे अनुभवी मुकादमाच्या अंदाजावर, बैल, गाढवे आणि दगडी रूळ यांच्या जोरावर उभी राहिली. अंदाज पुष्कळदा उत्तम होता. पण शेकडो मीटर लांबीत तो सर्वत्र सारखा उत्तम राहिला असेल, असे कोण सांगेल?

ओल आणि घट्टपणा यांचे हे नाते आम्हा गाण्याबजावण्याच्या मंडळींना नवे नाही. इंदूरच्या दरबारी नाना पानसे यांनी जो पखवाज गाजविला त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक लावतात. तीत पाणी किंचित अधिक झाले की बोल पसरतो, कमी झाले की कणीक सुटू पाहते. तो नेमका बिंदू वादकाच्या बोटांना कळतो. धरणाच्या मातीला तो यंत्राने मोजून द्यावा लागतो, इतकाच फरक.

आता भूकंप. नर्मदेच्या काठी पाण्यालगतच्या ओल्या वाळूवर उभे राहून पाय नाचविण्याचा खेळ लहानपणी कोणी केला नसेल? कडक वाटणारी वाळू थुलथुलीत होते, वर पाणी येते, पाय आत जातो. मोठ्या भूकंपात धरणाच्या पोटी किंवा पायाखाली जर सैल, पाण्याने भरलेली वाळू असेल तर हाच खेळ लाखो टनांवर होतो. हादऱ्याने कण एकमेकांच्या जवळ बसू पाहतात. मधल्या पाण्याला तेवढ्या काही सेकंदांत बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग वरचा सारा भार कणांवरून सुटून पाण्यावर येतो, कणांची एकमेकांवरची पकड जाते आणि वाळू कढीसारखी वागू लागते. शास्त्रज्ञ याला द्रवीभवन म्हणतात. वरचे धरण कितीही भक्कम असले तरी ज्याच्या पायाचीच कढी झाली ते उभे राहील कसे?

दुसरी गोष्ट कंपाच्या मेळाची. सारंगीच्या तरफांना कोणी हात लावीत नाही, पण त्यांचा स्वर लागला की त्या आपोआप बोलतात. धरणालाही असा एक स्वतःचा झोका असतो. मधल्या सप्तकातील पांढरी एक सेकंदाला सुमारे दोनशे साठ आंदोलने घेते. तीस-पन्नास मीटर उंच मातीच्या धरणाची सेकंदाला दोन-चारच असतात. भूकंपाच्या लहरींत नेमकी हीच मंद आंदोलने भरपूर असतात. म्हणून पायथ्यापेक्षा माथा जास्त हलतो, आणि भेगा पुष्कळदा माथ्यावर, लांबीच्या दिशेने पडतात.

हे सारे पुस्तकी नाही. कॅलिफोर्नियात लॉस एंजल्सजवळच्या सॅन फर्नांडोच्या खोऱ्यात १९१२ पासून बांधलेले एक धरण होते. त्याची माती पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहवून आणून बसविलेली, म्हणजे स्वभावतःच सैल. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी भूकंप झाला आणि पाण्याकडचा सारा उतार, माथ्यासकट, तलावात घसरला. पाणी आणि खालचे शहर यांच्यामध्ये जेमतेम दीड मीटर भेगाळलेली माती शिल्लक राहिली. ऐंशी हजार माणसे घराबाहेर काढावी लागली. पुढे प्राध्यापक सीड यांनी या धरणाचा बारकाईने अभ्यास केला, आणि हा उतार घसरला तो हादरे थांबल्यानंतर काही सेकंदांनी, असे त्यांचे मत झाले. म्हणजे जमीन थांबली म्हणून धरण सुटले असे होत नाही. आत कोंडलेले पाणी आपले काम करीतच असते. जपानात फुकुशिमा प्रांतातील फुजिनुमा हे शेतीच्या पाण्याचे धरण १९३७ मध्ये सुरू होऊन युद्धामुळे रखडत १९४९ मध्ये पुरे झालेले. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर अर्ध्या तासाच्या आत ते फुटले आणि आठ माणसे गेली. चौकशीत वरच्या थरांची माती नीट दाबलेली नव्हती असे आढळले. त्या एका दिवशी सत्तर वर्षांपूर्वीच्या घाईचा हिशेब झाला.

आपल्या देशातला धडा कच्छचा. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी भुजच्या भूकंपाने सुमारे चौदा हजार माणसे घेतली, हे सर्वांना आठवते. त्या सकाळी कच्छ-सौराष्ट्रातील दोनशेंच्या वर मातीची धरणे दुखावली, ते मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही. चांग, शिवलखा, सुवी, टप्पर, फतेहगढ, कासवती, रुद्रमाता ही नावे आता अभियंत्यांच्या पाठ्यपुस्तकांत गेली आहेत. यांतली बहुतेक एकोणीसशे पन्नास ते ऐंशीच्या दरम्यानची, नदीच्या गाळावर उभी केलेली. चांग हे सुमारे पंधरा मीटर उंचीचे धरण तर जवळजवळ बसलेच. बाकीच्यांचे पाण्याकडचे उतार पसरले, माथ्यावर माणूस उतरेल एवढ्या भेगा पडल्या. पायाखालच्या ओल्या गाळाने दगा दिला होता.

आणि तरीही एकही गाव वाहून गेले नाही. का? तर दोन वर्षांच्या अवर्षणाने बहुतेक तलाव तळाला गेले होते. ज्या दुष्काळाला कच्छी शेतकरी शिव्या देत होता त्यानेच त्याला वाचविले. हाच भूकंप भरल्या तलावावर, सप्टेंबरात झाला असता तर काय झाले असते, ते लिहिण्याची गरज नाही. या सुटकेला व्यवस्थेचे यश म्हणावयास माझी लेखणी धजत नाही.

त्यानंतर तेथील धरणांचे दुरुस्तीचे आणि बळकटीचे काम निघाले, आणि बळकटी म्हणजे काय याची कल्पना त्यावरून येते. सामान्य माणसाला वाटते की धरण बळकट करावयाचे म्हणजे त्याला उंच किंवा जाड करावे. प्रत्यक्षात वरवर भर घालणे हे पुष्कळदा निरुपयोगी, कधी कधी घातकही ठरते, कारण सैल पायावर आणखी ओझे पडते. कामाची सुरुवात जमिनीत भोके पाडून होते. कोणत्या खोलीवर कोणती माती आहे, ठराविक वजनाचा घण मारला असता नळी किती ठोक्यांत किती आत जाते, पाणी कोठवर चढलेले आहे, हे पाहावे लागते. ठोके कमी लागले की समजावे, येथे वाळू सैल आहे. माझ्या मते सारा खर्च एकीकडे आणि हे नाडीपरीक्षण एकीकडे. तेथे काटकसर करणारा मनुष्य पुढे दसपट भरतो.

मग उपाय. धरणाच्या कोरड्या अंगाला पायथ्याशी दगड-मुरुमाची रुंद पायरी घालतात. तिचे वजन पायथा दाबून धरते, वरची माती घसरू पाहील तर तिला अडविते. पाण्याकडचा उतार सैल असेल तर तलाव उतरवून, तो खणून काढून, ओल मोजून, थराथराने पुन्हा दाबून बसवितात. पायाखालची वाळू घट्ट करण्यासाठी जड वजन उंचावरून पुनःपुन्हा टाकतात, किंवा जमिनीत जागोजाग खडीचे खांब ठोकतात. हे खांब दुहेरी कामाचे: भोवतालची वाळू दाबली जाते, आणि हादऱ्यात कोंडलेल्या पाण्याला वर निघायला आयती वाट मिळते. कोरड्या अंगाला वाळूची गाळणी नव्याने घालतात. भूकंपाने गाभ्याला भेग पडली तरी त्या वाटेने येणारे पाणी गाळणीपाशी आपली माती टाकते आणि भेग हळूहळू बुजते. पाण्याची पातळी आणि माथा यांत मोकळी उंची वाढवितात, म्हणजे माथा मीटरभर बसला तरी पाणी वरून ओसंडत नाही. मातीच्या धरणावरून एकदा पाणी वाहू लागले की पुढची गोष्ट पुणेकरांना विचारावी.

त्या पानशेतच्या, १२ जुलै १९६१ च्या, आठवणीतून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे दोष निघाला तो धरणाच्या पोटातून पाणी सोडणाऱ्या बांधीव मार्गापाशी, ज्याचे काम अर्धवट असताना पाणी भरू दिले गेले. माती आणि दगडी बांधकाम जेथे भेटतात तेथे दोघांच्या बसण्याची चाल निरनिराळी असते. फट पडते, आणि तिच्यातून पाणी वाट काढते. भूकंपात तर हे दोघे अगदी वेगळ्या तालात हलतात. म्हणून जुन्या धरणाचे विमोचक, त्याची दारे आणि भोवतालची माती यांची तपासणी आधी. शिवाय संकटाच्या वेळी तलाव उतरविण्याचे साधन तेच. कारमला ते अपुरे पडले म्हणूनच चर खणावा लागला. उतरविण्याचीही एक रीत आहे. पाणी फार झपाट्याने काढले तर आतील बाजूची माती ओलीच राहते, तिला टेकू देणारे पाणी निघून जाते आणि तो उतार आत कोसळतो.

कोयनेचे उदाहरण येथे पुरते लागू नाही, कारण ते धरण काँक्रीटचे आहे. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६७ च्या धक्क्यात त्याच्या वरच्या भागाला आडव्या भेगा गेल्या, आणि पुढच्या काही वर्षांत कोरड्या अंगाला काँक्रीटचे मोठे टेकू उभारून ते सावरले. म्हातारे किंवा जखमी धरण सावरता येते, हे आपल्याच सह्याद्रीत सिद्ध झालेले आहे.

माळव्याच्या काळ्या मातीची आणखी एक खोड. उन्हाळ्यात ती आकसून हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. गाभ्याचा वरचा भाग उघडा पडला की वर्षानुवर्षे हा श्वासोच्छ्वास चालतो. त्यात बाभळीची मुळे, घुशींची बिळे, पिचिंगचे कोणी घराला नेलेले दगड. भूकंपाला नवीन भेग पाडण्याचे कष्टच पडू नयेत, अशी ही व्यवस्था! ही दुरुस्ती कोटींची नाही. कुदळ, टोपली, मुरूम आणि नित्य फेरी मारणारा एक चौकीदार, एवढ्यावर ती भागते.

खरा तंटा वेगळाच आहे. बळकटीचे काम नीट करावयाचे तर दोन-तीन वर्षे तलाव अर्धा ठेवावा लागतो. म्हणजे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचा गहू आणि हरभरा गेला. तो विचारतो, शंभर वर्षांत कधी न आलेल्या भूकंपासाठी मी यंदाची रबी का सोडू? त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. धरणाच्या खालच्या अंगाला राहणारा मजूर, ज्याची त्या पाण्यावर एक बिघाही जमीन नाही, तो याच्या उलट विचारील. माझे मत असे की दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच त्या दोन-तीन हंगामांची भरपाई एक बाब म्हणून धरली पाहिजे. मुरुमाला पैसे आहेत आणि गव्हाला नाहीत, असे झाले म्हणजे तलाव पुन्हा भरू द्यावा म्हणून दडपण येते, आणि काम पावसाळ्यापूर्वी उरकण्याची घाई सुरू होते. मातीला घाई सोसत नाही.

कायदा आता आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून अंमलात आला. मोठ्या धरणांच्या मालकाने, म्हणजे बहुधा राज्य सरकारने, तेव्हापासून पाच वर्षांच्या आत प्रत्येक धरणाची तज्ज्ञांकडून सर्वांगीण तपासणी करवून घ्यावी, तीस मीटरहून उंच धरणांवर भूकंपमापनाची सोय करावी आणि संकटकाळी काय करावयाचे याचा आराखडा तयार ठेवावा, असे त्यात आहे. त्याआधी २०१२ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांतील दोनशेहून अधिक धरणांची डागडुजी झाली, त्यांत मध्यप्रदेशही होता.

तो आराखडा मात्र कचेरीच्या कपाटात, इंग्रजीत राहू नये. कारमच्या खालच्या अठरा गावांना ऑगस्ट २०२२ मध्ये मध्यावधी संधी मिळाली. पाझर दिसल्यापासून पाणी सोडेपर्यंत तीन दिवस हाती होते. भूकंपात फुजिनुमाला अर्धा तासही मिळाला नाही. कोणता भोंगा वाजला म्हणजे कोणत्या टेकडीवर जावयाचे, गुरे सोडावयाची की नाही, पूल कोणता टाळावयाचा, हे निमाडीत आणि भिलीत, गावाच्या चावडीवर, दर वर्षी मृगापूर्वी एकदा वाचून दाखवावे. आणि चौकीदाराने पायथ्याच्या नालीतले पाणी रोज एका काचेच्या पेल्यात धरून पाहावे. स्वच्छ असले तर किती वाहते ते वहीत लिहावे. गढूळ असले, तर धरणाची माती पाण्याबरोबर बाहेर पडू लागली आहे, आणि वहीत लिहिण्याआधी टेलिफोन करावा.